निकृष्ट भेदरे

टमाट्याला आमच्या वऱ्हाडात भेदरं म्हणतात. आताच्या सुना टमाटे म्हणतात, हातगाडीवालाही टमाटेच ओरडतो, पण माझ्या तोंडात अजून भेदरेच येतात. लग्न होऊन आले तेव्हापासून परसात मी सात-आठ जातींचे तरी लावले असतील. मोरीच्या पाण्यावर आपोआप उगवणारे बोराएवढे होते. त्यांची साल दातात अडकायची, पण दोन ठेचून टाकले की वरण जागं व्हायचं. एकदा माझ्या भावाने मेहकरच्या बाजारातून बी आणून दिलं. त्याचे भेदरे दिसायला टपोरे आणि चिरले की आत पोकळ, चार बिया आणि हवा. सगळ्यात वाईट कोणते असं कोणी विचारलं तर मी त्या मेहकरच्यांचंच नाव घेईन.

सगळ्यात चांगले माझ्या परसातले नव्हतेच. ते भिंतीपलीकडे, सरवरीभाभीच्या परसात व्हायचे. आणि त्यांच्यावर 'निकृष्ट' हा शब्द मी माझ्या हाताने लिहिला.

मी वडनेर भोलजीला सून म्हणून आले तेव्हा अठरा वर्षांची होते, सातवी पास. घरात माझे मालक उत्तमराव आणि सासूबाई. सासूबाईंच्या गळ्यात माळ होती. भेदरं लाल, चिरलं की आत मांसासारखं दिसतं, म्हणून त्यांनी ते कधी चुलीजवळ येऊ दिलं नाही. गावातल्या पुष्कळ जुन्या बायकांचं तसंच होतं. आमच्या परसाला कमरेएवढी मातीची भिंत होती आणि पलीकडे रहेमतुल्ला पिंजाऱ्याचं घर. त्याची बायको सरवरी माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. मी आल्यावर महिनाभरात तिने भिंतीवरून मला एक भेदरं दिलं, सोबत कागदाच्या चिटोऱ्यात मीठ.

"खाय लवकर. तुही सासू देवळात गेली, मी पाह्यलं."

"भाभी, चिरायला काही आणू का?"

"काऊन? दात नाहीत काय तुले?"

ते भेदरं दिसायला कसं होतं ते सांगते. चुण्या घातलेल्या पिशवीसारखं, देठापाशी हिरवं, वर दोन तडे, आणि एक बाजू दुसरीपेक्षा मोठी. रंग लाल म्हणावा तर लाल नाही, गुलाबीकडे झुकलेला. साल इतकी पातळ की सकाळी तोडलेलं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मऊ पडायचं. पण दात लावला की आधी आंबट, मग गोड, आणि शेवटी पानाच्या वासासारखं काहीतरी नाकात चढायचं. रस कोपरापर्यंत ओघळला. मी पदराने पुसला तर भाभी हसत म्हणाली, "डाग जात नाही हं त्याचा. सासूले सांग, कुंकू सांडलं."

बी तिच्या आईचं होतं. आई जळगाव जामोदकडची, भाभीच्या लग्नानंतर दोन वर्षांत वारली. त्या बियांची भाभी फार काळजी घ्यायची. पहिल्या बहारातलं सगळ्यात चांगलं भेदरं झाडावरच पिकू द्यायचं, त्याचं बी राखेत घोळून चिंधीत बांधायचं, पोळ्याच्या सुमाराला वाफ्यात टाकायचं. दसऱ्याला त्यातली दहा रोपं भिंतीवरून माझ्याकडे यायची. सासूबाई म्हणायच्या, "लाव, लावाले मी नाही म्हनत नाही. पन घरात आनू नको." मग मी परसातच तीन दगड मांडून त्यांची चटणी करायची आणि मालकांना तिथेच वाढायची. असे चार हिवाळे गेले.

महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली होती. पंचायत समित्या नव्या निघाल्या होत्या आणि त्यांच्याकडून गावागावांत ग्रामसेविका यायच्या. आमच्याकडे अन्नपूर्णाबाई यायच्या. पुण्याकडच्या, सायकलवरून फिरणाऱ्या, गोऱ्या, बोलायला स्वच्छ. त्यांनी बायकांना परसबागेसाठी सुधारित बी वाटलं. भाभीने घेतलं नाही. "माह्याजोळ आहे," म्हणाली. मी घेतलं. त्या वर्षी जागा पुरेना म्हणून भाभीची रोपं मी प्रथमच नको म्हटली.

सरकारी बियांचे भेदरे खरंच देखणे झाले. एकासारखा एक, गोल, गुळगुळीत, लालभडक. आठ दिवस टोपलीत ठेवले तरी जसेच्या तसे. भाभीने एक खाऊन पाहिलं, बराच वेळ चावलं आणि म्हणाली, "कोकिळा, हे तं साफ पानी आहे वं."

"पण दिसतात किती छान!"

"हाव, दिसतात. फोटो काढून भितीले लाव."

मी हसले, पण मला ते लागलं. आठ-दहा वाफे मी पोराबाळासारखे सांभाळले होते.

जानेवारीत मलकापूरला शेतकी प्रदर्शन भरणार असं ठरलं. त्यात बायकांच्या परसबागेचीही स्पर्धा होती. अन्नपूर्णाबाईंनी मला नाव द्यायला लावलं आणि आदल्या दिवशी मांडामांडीला मदतीला बोलावलं. हे ऐकून भाभीने आपलेही भेदरे माझ्यासोबत पाठवायचे ठरवले. तिचे भेदरे एसटीत दबले असते, म्हणून रहेमतुल्लाभाईने टोपलीत पिंजलेला कापूस अंथरला आणि त्यात अकरा भेदरे अंड्यांसारखे एकेक बसवले. भाभी बसथांब्यापर्यंत टोपली स्वतः घेऊन आली.

"मांडीवर ठेवजो. खाली नको ठेवू."

"मांडीवरच ठेवते, भाभी."

"आन् साहेब आले की एक कापून दे म्हना त्याईले. नुसते पाहू नका म्हना."

मलकापुरात सरकी काढायच्या एका जिनाच्या पटांगणात मांडव घातला होता. टेबलांवर पांढऱ्या चादरी, त्यावर कपाशीची बोंडं, ज्वारीची कणसं, हातभर लांब मुळे. अन्नपूर्णाबाईंनी माझे भेदरे चिनीमातीच्या ताटलीत मांडले. मग टोपलीतला कापूस बाजूला केला.

"हे कोणाचे?"

"माझ्या शेजारणीचे. स्पर्धेसाठी दिलेत तिने."

त्यांनी एक हातात घेऊन फिरवलं. तडे पाहिले. "छे, हे स्पर्धेत कसे ठेवायचे? परीक्षक हसतील." मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "पण थांबा. बरं झालं आणलेत. तुमच्या ताटलीशेजारीच ठेवू. जुनं बी आणि नवं बी, लोकांना फरक डोळ्यांनी दिसेल. तुमचं अक्षर चांगलं आहे ना? चिठ्ठ्या तुम्हीच लिहा. इकडे लिहा, उत्कृष्ट, सुधारित बियाणे. तिकडे लिहा, निकृष्ट, गावठी बियाणे."

मी टाक हातात घेतला. "बाई, नुसतं गावठी लिहिलं तर?"

"अहो, नाव थोडंच लिहितोय आपण तिचं? लिहा."

मी लिहिलं. वळणदार लिहिलं. शाळेत माझ्या अक्षराचं नेहमी कौतुक व्हायचं. दोन्ही चिठ्ठ्या ताटल्यांना टेकवल्या आणि चार पावलं मागे येऊन पाहिलं. भाभीच्या त्या वाकड्यातिकड्या, तडकलेल्या भेदऱ्यांशेजारी माझे भेदरे आधीपेक्षाही सुंदर दिसत होते. मला ते आवडलं. इतक्या वर्षांनी लिहायला बसले आहे तर एवढं तरी खरं लिहिते.

परीक्षकांनी एकही भेदरं कापलं नाही. माझा पहिला नंबर आला. बक्षीस म्हणून पत्र्याची झारी मिळाली, आणि एका साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "या कोकिळाबाई कोण?"

दुसऱ्या दिवशी दुपारी भाभी आली. ती येईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. रहेमतुल्लाभाईला मलकापुरात गाद्यांसाठी कापड घ्यायचं होतं, त्याच्यासोबत ती आली होती. ठेवणीतलं हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, आणि मांडवात शिरल्यापासून डोळे माझ्या टेबलाकडे. आपली ताटली पांढऱ्या चादरीवर पाहून ती जागच्या जागी थांबली. मग जवळ येऊन चादरीची किनार नुसती बोटाने चाचपली.

"काय लिवलं वं यावर?"

आजूबाजूला शिकलेली माणसं उभी होती. दुसरंच काही वाचावं तर कोणीतरी टोकलं असतं. मी म्हणाले, "निकृष्ट."

"म्हंजे?"

"म्हणजे... सगळ्यांपेक्षा वेगळं. खास."

"आन् तुह्यावर काय आहे?"

"उत्कृष्ट."

"उत्कृष्ट, निकृष्ट," ती हळूच म्हणाली आणि हसली. "दोघी सख्ख्या बहिनीच दिसतात." मग तिने मागे वळून नवऱ्याला हाक मारली, "अजी सुनता का? अपने भेदरे निकृष्ट आये!"

रहेमतुल्लाभाईलाही वाचता येत नव्हतं. त्याने ताटलीकडे पाहून समाधानाने मान डोलावली.

त्या रात्री घरी परतल्यावर मी मालकांना सगळं सांगितलं. ते आधी पोट धरून हसले. मग माझा चेहरा पाहून थांबले. "उद्या सकाळीच सांगून टाक तिले. जितके दिवस ठेवशीन तितकं जड जाईन."

"सांगते."

सकाळी भाभी भिंतीपाशी आली तीच हसत. रात्री तिचं गल्लीतल्या चार घरांत सांगून झालं होतं. मी म्हटलं, उद्या सांगू. उद्या तिच्या नणंदेकडचे पाहुणे होते. परवा सासूबाई परसात बसलेल्या. असे पंधरा दिवस काढायला काही कष्ट पडत नाहीत.

गावात 'निकृष्ट' हा शब्द कोणाच्याच रोजच्या बोलण्यातला नव्हता. ऐकायला तो भारदस्त, कचेरीतल्यासारखा. त्यामुळे भाभीने सांगितला तोच अर्थ सगळ्यांनी धरला. आणि तिचे भेदरे, जे आजवर फक्त शेजारीपाजारी जायचे, ते घेऊन ती पहिल्यांदा आठवडी बाजारात बसली.

त्या दिवशी मी मीठ आणि गूळ घ्यायला बाजारात गेले होते. लांबूनच तिचा आवाज ऐकू आला.

"घ्या, निकृष्ट भेदरे! मलकापूरच्या साहेबानं निकृष्ट म्हनलेले भेदरे! निकृष्ट घ्या, निकृष्ट!"

लोक घेत होते. तिच्यापुढे बायकांची गर्दी होती. माझे पाय मिठाच्या दुकानापाशी थांबले. तेवढ्यात शाळेतले मोतीराम मास्तर भाजीची पिशवी घेऊन तिथून निघाले. ते थांबले, चष्मा वर केला.

"काय म्हनून राह्यली तू, बाई?"

"निकृष्ट भेदरे, मास्तर. तुमाले देऊ? खाऊन तं पाहा."

मास्तर हसायला लागले. माणूस वाईट नव्हता, पण हसणं आलं की त्यांना आवरायचं नाही. "अवं, निकृष्ट म्हंजे सगळ्यात खराब! सगळ्यात हलका माल! आपल्याच मालाले भर बाजारात शिव्या देऊन राह्यली काय तू?"

"नाही, मास्तर. मलकापूरले लिवलं होतं तसं."

"मंग लिवणाऱ्यानं बराबरच लिवलं असन."

गर्दी फुटून हसली. उकंडराव तेली तिथे उभा होता, तो ओरडला, "द्या भाभी, अर्धा शेर खराब भेदरे द्या!" पुन्हा हसणं. भाभीने आधी मास्तरांकडे पाहिलं, मग टोपलीकडे. टोपलीवर पदर ओढला. मी मिठाच्या दुकानाच्या मागच्या बाजूने घरी आले. मीठ तसंच राहिलं.

संध्याकाळी ती भिंतीपाशी आली. दिवेलागण अजून व्हायची होती.

"कोकिळा, तुले मालूम होतं काय?"

खरं सांगायला याहून सरळ वाट मला आयुष्यात कधी मिळाली नाही. तिने विचारलं होतं. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं.

"नाही हो भाभी. मलाही कुठे माहीत त्याचा अर्थ? मला वाटलं, चांगलंच असेल."

 मग तिचा चेहरा एकदम सैल झाला, जणू छातीवरचा दगड उतरला.

"मले वाटलंच. तुले मालूम असतं तं तू मले सांगतलं असतं. मी ह्यांनाबी हेच म्हनलं." मग तिने विचारलं, "पन लिवलं कोनं तं ते?"

"ग्रामसेविकाबाईंनी."

"अक्षर मात्र बेस होतं त्या बाईचं," भाभी म्हणाली. "मले वाचता येत नाही, पन दिसते ना."

आणि मग तिनेच मला समजावलं. भिंतीवरून हात पुढे करून माझ्या दंडावर थोपटलं. "तू मनाले लावून घेऊ नको. तुह्या तोंडाचा कसा रंग उतरला आहे पाह्य ना! जाऊ दे. लोक हसतीन चार दिवस."

लोक चार दिवस हसले नाहीत. वऱ्हाडात एकदा नाव पडलं की ते माणसाला चिकटून बसतं. तिला गल्लीत 'निकृष्टभाभी' म्हणायला लागले. रहेमतुल्लाभाई गादी पिंजायला एखाद्याच्या अंगणात बसला की कोणीतरी विचारायचंच, "भाई, कापूस उत्कृष्ट आहे का निकृष्ट?" तो मान खाली घालून धनुकली चालवत राहायचा. एकदा मी एका बाईला रागावले, "अहो, असं काय नावं ठेवता?" तर ती बाई म्हणाली, "तुमचं काय जाते? तुमाले तं झारी भेटली."

झाडांवर अजून महिनाभराचा माल होता. भाभीने तो तोडला नाही. एका सकाळी पाहिलं तर तिने दोन्ही शेळ्या वाफ्यात सोडल्या होत्या आणि स्वतः ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. बियांसाठी राखलेलं भेदरंही त्या वेळी झाडावरच होतं. मी भिंतीपाशी धावत गेले.

"भाभी, बियांचं तरी काढून ठेवायचं!"

"काय कराचं वं खराब बी ठेवून?" तिने मान वर केली नाही. "आई माही अडाणी. तिले काय समजत होतं?"

तेव्हा मी बोलायला हवं होतं. शेळी अजून त्या झाडापाशी पोचली नव्हती. मला आठवतं, ते भेदरं मोठं होतं, एका बाजूला झुकलेलं, आणि त्याच्या वजनाने फांदी जमिनीला टेकली होती. मी भिंतीवरून उडी मारून ते तोडलं असतं तरी चाललं असतं. मी उभी राहिले. माझ्याकडे तिच्या रोपांपैकी एकही नव्हतं, कारण त्याच वर्षी मी ती नको म्हटली होती. आणि तिच्या आईचं बी गावात तिसऱ्या कोणाकडे नव्हतं.

पोळ्याच्या आधी ती माझ्याकडे आली. वाफा तयार करून आली होती, हाताला माती होती.

"तुह्यावालं सरकारी बी दे थोडं."

मी पुडी बांधून दिली.

त्या हिवाळ्यात तिच्या परसात गोल, गुळगुळीत, लालभडक भेदरे लागले. तिचा हात चांगला, म्हणून माझ्यापेक्षाही मोठे झाले. पहिले चार तिने भिंतीवर आणून ठेवले, मिठाच्या चिटोऱ्यासकट. आम्ही दोघींनी एकेक खाल्लं. रस कोपरापर्यंत आला नाही.

"कसे झाले?" तिने विचारलं.

"चांगले झाले."

"चांगलेच असतीन," ती म्हणाली. "चटनीत जराशी चिच टाका लागते, बस." अर्धं खाल्लेलं भेदरं तिने हातात फिरवून पाहिलं. "दिसतात मात्र बराबर."

त्यानंतर मी बऱ्याच ठिकाणी ते बी शोधलं. जळगाव जामोदच्या बाजारात दोनदा गेले. चुण्यांचे, गुलाबी, तडकलेले असं सांगितलं की भाजीवाल्या बायका म्हणायच्या, तसे कोण लावतं आता, बाई? एकीने घरात पडून असलेलं जुनं बी दिलं. ते उगवलं, पण भेदरे आले ते साधेच, आंबट.

भाभी आणखी अकरा वर्षं शेजारी होती. मग रहेमतुल्लाभाई गेला आणि तिचा मुलगा नजीर तिला मलकापूरला घेऊन गेला. त्या अकरा वर्षांत तिने स्वतःचं बी पुन्हा कधी धरलं नाही. आपल्या हातचं बी खराबच निघतं असं तिच्या मनाने घेतलं होतं. दर पोळ्याला ती भिंतीपाशी यायची आणि मी तिला पुडी द्यायची. पुडी बांधताना दरवर्षी मी आतल्या आत वाक्य जुळवायची: भाभी, ते मी लिहिलं होतं. भाभी, मला अर्थ माहीत होता. मग ती "झालं काय वं?" म्हणून हाक मारायची, आणि मी दोऱ्याची गाठ मारून पुडी तिच्या हातात ठेवायची.